कॅम्पसचं आरोग्य: योगदिनाच्या फोटोनंतर करायची कामं

महाराष्ट्रातल्या बऱ्याच महाविद्यालयांत आरोग्याचं वर्ष २१ जूनला सुरू होतं आणि त्याच दिवशी संपतं. सतरंज्या अंथरल्या जातात, पाहुणे येतात, फोटो निघतात, अहवाल नॅकच्या (महाविद्यालयांचं मूल्यांकन करणाऱ्या संस्थेच्या) फायलीत लागतो. योगासनांशी माझं भांडण नाही. पण मुली स्वच्छतागृहात जावं लागू नये म्हणून दुपारपर्यंत पाणी पीत नसतील, मेसच्या वरणात डाळ शोधावी लागत असेल आणि तासिका तत्त्वावरच्या, म्हणजे तासांच्या हिशेबाने नेमलेल्या, सरांचं मानधन महिनोन्‌महिने अडकलेलं असेल, तर प्राणायामाने काय हलणार? विद्यार्थ्यांची आणि कर्मचाऱ्यांची तब्येत ठरते ती रोजच्या व्यवस्थेवर. म्हणून कार्यक्रम नंतर, व्यवस्था आधी.

हा लेख प्राचार्य, विद्यार्थी विकास अधिकारी, राष्ट्रीय सेवा योजनेचे (रासेयो) कार्यक्रम अधिकारी आणि वसतिगृहांचे रेक्टर यांच्यासाठी आहे. डोळ्यांसमोर आहे ते दोन-तीन हजार विद्यार्थ्यांचं, लहानसं वसतिगृह असलेलं आणि निम्मी मुलं एसटीने येणारं कॉलेज. विद्यापीठाच्या मोठ्या परिसरात हीच कामं विभागवार वाटून घेता येतील.

१. आठवडाभर नुसतं फिरा

समिती नेमण्याआधी, परिपत्रक काढण्याआधी हे करा. सकाळी साडेअकराच्या सुट्टीत मुलींच्या स्वच्छतागृहाबाहेर रांग किती, आत पाणी आहे का, कडी लागते का, पॅड टाकायला झाकणाची बादली आहे का, हे एखाद्या मॅडमनी बघावं. पाण्याच्या टाकीवर ती शेवटची कधी धुतली याची तारीख लिहिली आहे का पाहा. रात्री साडेआठला मेसमध्ये ताट घेऊन बसा, पण आधी कळवून जाऊ नका. रात्रपाळीच्या वॉचमनच्या केबिनमध्ये पंखा आहे का आणि त्यांना लघवीला कुठे जावं लागतं, तेही विचारा.

आणि गावाकडे जाणारी शेवटची एसटी किती वाजता सुटते हे लिहून घ्या. ती साडेपाचला सुटत असेल तर संध्याकाळी पाचला ठेवलेला प्रत्येक उपक्रम निम्म्या कॉलेजसाठी नाहीच असं समजा.

२. समिती छोटी ठेवा, पण पैशाचा अधिकार असलेला माणूस तिच्यात हवा

विद्यापीठ अनुदान आयोगाने एप्रिल २०२३ मध्ये विद्यार्थ्यांचं शारीरिक आरोग्य, खेळ आणि मानसिक-भावनिक स्वास्थ्य यांबाबत मार्गदर्शक सूचना काढल्या. प्रत्येक संस्थेत विद्यार्थी सेवा केंद्र असावं असं त्यांत म्हटलं आहे. तुमची समिती या केंद्राच्या नावाखालीच बसवा, म्हणजे कागदोपत्री वेगळा संसार मांडावा लागत नाही.

सात-आठ जण पुरे. विद्यार्थी विकास अधिकारी, क्रीडा संचालक, रेक्टर, एक शिक्षकेतर कर्मचारी, दोन विद्यार्थी (त्यांतली एक वसतिगृहातली मुलगी आणि एक एसटीने ये-जा करणारा), समुपदेशक आणि कार्यालयीन अधीक्षक. अधीक्षकांना वगळू नका. नळाची तोटी बदलायची मंजुरी त्यांच्या टेबलावरून जाते. ते बैठकीत असले की निर्णय तिथेच होतो, नाहीतर टिपण फिरत राहतं.

३. प्रश्नावली द्या, पण कोणती ते जपून ठरवा

जागतिक आरोग्य संघटनेची पाच प्रश्नांची स्वास्थ्य निर्देशांक प्रश्नावली सोपी आहे. गेल्या दोन आठवड्यांत मन प्रसन्न होतं का, झोपून उठल्यावर ताजंतवानं वाटलं का, असे प्रश्न असतात. प्रत्येकाला ० ते ५ गुण. बेरजेला ४ ने गुणलं की शंभरापैकी आकडा मिळतो, आणि तो ५० च्या खाली असेल तर लक्ष द्यायला हवं. जूनमध्ये, निनावी घ्या, विभाग आणि वर्ष एवढंच विचारा. प्राध्यापक आणि कार्यालयीन कर्मचाऱ्यांनाही हीच द्या.

नैराश्य तपासणारी नऊ प्रश्नांची प्रश्नावलीही अनेकांना माहीत असते आणि उत्साहात तीच गूगल फॉर्मवर टाकली जाते. ते करू नका. तिचा नववा प्रश्न मरणाच्या किंवा स्वतःला इजा करण्याच्या विचारांबद्दल आहे. निनावी फॉर्ममध्ये कुणी त्यावर ‘रोज’ अशी खूण केली, तर तो मुलगा कोण हे तुम्हाला शोधता येणार नाही, आणि कळूनही काही न करणं शक्य नाही. ती प्रश्नावली समुपदेशकाच्या खोलीतच, समोरासमोर वापरावी.

गुणांबरोबर एक मोकळा प्रश्न जोडा: ‘कॅम्पसवर एक गोष्ट बदलता आली तर कोणती?’ कामाची माहिती इथूनच जास्त मिळते.

४. पाणी, स्वच्छतागृह आणि ताट

टाकी दर तीन महिन्यांनी धुवा आणि तारीख टाकीवरच रंगवा. नळाच्या पाण्यात उरलेलं क्लोरीन किमान ०.२ मिलिग्रॅम प्रति लिटर हवं. ते तपासायचं किट स्वस्तात मिळतं आणि रसायनशास्त्र विभागातला कुणीही दोन मिनिटांत वापरायला शिकवतो. पावसाळ्यात हे दर आठवड्याला करा. डेंग्यूसाठी आठवड्यातून एक ‘कोरडा दिवस’ ठेवा: कूलर, कुंड्यांखालच्या बशा, गच्चीवरची भंगार भांडी सगळी रिकामी करून कोरडी करायची. अंड्यापासून डास व्हायला साधारण आठवडा ते दहा दिवस लागतात, त्यामुळे दर आठवड्याला केलं तरच उपयोग. रासेयोचे स्वयंसेवक हे काम आनंदाने करतात. फक्त वार कायम ठेवा.

स्वच्छतागृहांबद्दल एकच नियम सांगतो: दिवसातून तीनदा सफाई, आणि दाराच्या आतल्या बाजूला सहीचा कागद. सहीच्या वेळा सुट्टीच्या अर्धा तास आधीच्या ठेवा.

आता मेस. तिथे थोडं गणित करावं लागेल. भारतीय आहार शिफारशींनुसार प्रौढ माणसाला रोज वजनाच्या प्रत्येक किलोमागे सुमारे ०.८३ ग्रॅम प्रथिनं लागतात. म्हणजे ५५ किलो वजनाच्या मुलीला साधारण ४५ ग्रॅम. ३० ग्रॅम कोरड्या डाळीतून त्यातली ७ ग्रॅमच्या आसपास मिळतात, एका अंड्यातून ६, मूठभर शेंगदाण्यांतून ६-७. बाकी पोळी, भाकरी, दूध, उसळ यांतून भरायची. म्हणून मेसच्या ठेक्यात ‘सकस आहार’ असं मोघम लिहू नका. ‘दर शंभर ताटांमागे प्रत्येक वेळी किमान ३ किलो कोरडी डाळ किंवा कडधान्य’ असं लिहा. डाळ मोजता येते आणि वरणाचा पातळपणा लगेच पकडता येतो. मेस समितीतला एक विद्यार्थी आठवड्यातून एकदा डाळ शिजायला टाकताना हजर राहील, अशी अट ठेवा. सुरुवातीला ठेकेदार कुरकुरतो, मग दर थोडा वाढवून मागतो. तो द्यावा.

ताटाबरोबर लिंबाची फोड आणि जेवणानंतर लगेच चहा न देणं, या दोन साध्या गोष्टींनी अन्नातलं लोह अंगी लागायला मदत होते. हे इतक्या बारकाईने सांगायचं कारण रक्ताची कमतरता. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांमध्ये ती आढळली. हिमोग्लोबिन तपासणीचं शिबिर सगळेच घेतात, पण पुढे काय? मुलींमध्ये १२ च्या खाली आणि मुलांमध्ये १३ च्या खाली आकडा आला, तर प्राथमिक आरोग्य केंद्राशी बोलून गोळ्या द्यायच्या आणि तीन महिन्यांनी पुन्हा रक्त तपासायचं. दुसऱ्या तपासणीची तारीख ठरलेली नसेल तर पहिलं शिबिर घेऊ नका. गडचिरोली, चंद्रपूर, नंदुरबार या पट्ट्यात सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकाराची चाचणीही जोडून घ्या. तिथे कमी हिमोग्लोबिनचं कारण आहारापेक्षा वेगळं असू शकतं.

कँटीनबद्दल थोडक्यात. समोसा बंद केला तर मुलं बाहेर गाड्यावर खाणार. त्यापेक्षा उकडलेली अंडी, मटकीची उसळ, ताक आणि केळी समोसापेक्षा स्वस्त ठेवा. भाड्यात सवलत दिली तर कँटीनवाला हे करतो. गेटबाहेरच्या टपरीकडेही बघा: शिक्षणसंस्थेपासून १०० यार्डांच्या आत तंबाखूजन्य पदार्थ विकायला २००३ च्या कायद्याने बंदी आहे. पोलीस ठाण्याला वर्षातून दोन पत्रं द्या, त्यांची पोच ठेवा.

५. समुपदेशकाची खोली

सर्वोच्च न्यायालयाने २५ जुलै २०२५ रोजी सुकदेब साहा प्रकरणात विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्याबद्दल देशभरातल्या शिक्षणसंस्थांना १५ मार्गदर्शक तत्त्वं घालून दिली. स्वतंत्र कायदा होईपर्यंत ती बंधनकारक आहेत. १०० किंवा त्याहून अधिक विद्यार्थी असतील तर किमान एक पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता हवा. त्याहून लहान संस्थेने बाहेरच्या तज्ज्ञांशी रीतसर जोडून घ्यायचं. सर्व कर्मचाऱ्यांना वर्षातून किमान दोनदा प्रशिक्षण द्यायचं. संस्थाचालकांपुढे पद मागायला जाताना हा निकाल बरोबर न्या.

पद मिळाल्यावर हिशेब करा. समजा, ३,००० विद्यार्थ्यांपैकी शंभरात पाच जण वर्षभरात आले आणि प्रत्येकाला चार भेटी लागल्या, तर ६०० भेटी होतात. आठवड्यातून दोन दिवस येणारा समुपदेशक दिवसाला पाच जणांना बघेल. तीस आठवड्यांत ३०० भेटी. म्हणजे निम्मी मुलं परत जातील. पूर्णवेळ माणूस का हवा, हे व्यवस्थापनाला या आकड्यांनी लवकर पटतं.

मानसशास्त्र विभागाच्या प्राध्यापकांनाच हे काम देऊन मोकळं होण्याची पद्धत अनेक ठिकाणी आहे. ती थांबवा. जी व्यक्ती इंटर्नलचे गुण देते तिच्यापुढे कोणता विद्यार्थी मन मोकळं करेल? पैसा नसेल तर शेजारच्या दोन-तीन महाविद्यालयांनी मिळून एक समुपदेशक नेमावा, आणि जिल्हा रुग्णालयातल्या जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाच्या पथकाला महिन्यातून एकदा बोलवावं.

खोली प्राचार्यांच्या केबिनसमोर नको, स्टाफरूमशेजारी नको. ग्रंथालयाच्या मजल्यावर, जिथे जाताना कुणाला उत्तर द्यावं लागत नाही अशी जागा बघा. वेळ फोनवरच्या मेसेजने ठरावी. टेबलावर उघडं रजिस्टर, त्यात नाव, वर्ग आणि ‘येण्याचं कारण’ असा रकाना, हे कुठे दिसलं तर त्याच दिवशी बंद करा. गोपनीयता हा २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने दिलेला हक्क आहे. समितीला फक्त आकडे कळावेत: किती आले, किती जणांना पुढे पाठवलं.

‘टेलि-मानस’ची १४४१६ ही हेल्पलाइन ऑक्टोबर २०२२ पासून चोवीस तास आणि मोफत सुरू आहे, मराठीत बोलता येतं. हा क्रमांक ठळक अक्षरांत वर्गात, वसतिगृहाच्या जिन्यात, स्वच्छतागृहाच्या दारामागे लावा. रॅगिंगविरोधी हेल्पलाइन १८००-१८०-५५२२ त्याखाली.

६. वाईट दिवसाची तयारी आधीच करा

कुणी विद्यार्थी ‘जगावंसं वाटत नाही’ म्हणाला तर काय करायचं, हे एका कागदावर लिहून प्रत्येक शिक्षक, रेक्टर, वॉचमन आणि शिपाई यांच्याकडे द्या. त्याला एकटं सोडायचं नाही. ‘आत्महत्येचे विचार येतात का?’ असं थेट, शांतपणे विचारायचं. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरतो हा गैरसमज आहे, उलट बोलायला वाट मिळते. उपदेश नको, ‘आईबापांचा विचार कर’ तर नकोच. समुपदेशकाला किंवा १४४१६ ला फोन, धोका समोर असेल तर १०८. घरच्यांना बोलवायचं, पण घरातच त्रास आहे का हे आधी त्या मुलाला विचारून. रेक्टरने धोक्याच्या वस्तू खोलीतून काढायच्या आणि गच्चीच्या दाराची किल्ली स्वतःकडे ठेवायची.

प्रयत्न करून वाचलेल्या विद्यार्थ्याला शिस्तभंगाची नोटीस देणारी किंवा वसतिगृह सोडायला लावणारी संस्था त्याला पुन्हा त्याच कड्यावर उभं करते. २०१७ चा कायदा अशा व्यक्तीवर तीव्र ताण होता असंच गृहीत धरतो. परत आल्यावर हजेरी आणि परीक्षेत काय सवलत मिळेल, रोज कोण भेटेल, हे तो येण्याआधी ठरलेलं हवं.

आणि दुर्दैवाने मृत्यू झालाच, तर पद्धत, चिठ्ठी, फोटो यांतलं काहीही ग्रुपवर जाऊ नये. एकच व्यक्ती बाहेर बोलेल. पुढचे काही आठवडे खोलीतले सोबती, जवळचे मित्र आणि त्याला शेवटचं पाहणारे कर्मचारी यांची विचारपूस सर्वांत आधी. ज्या वॉचमनने दार उघडलं त्याला कुणी विचारत नाही.

७. घड्याळ बदला

यात पैसा लागत नाही, म्हणून लगेच करा. रात्री आठनंतर विद्यार्थी किंवा कर्मचारी ग्रुपवर सूचना नाही. सबमिशनची मुदत रात्री बाराची ठेवू नका, दुपारी चारची ठेवा. मुलं जागतात ती बहुधा मुदतीसाठीच. परीक्षेच्या काळात वसतिगृहात रात्री अकरानंतर शांतता, आणि ज्यांना वाचायचं आहे त्यांच्यासाठी वेगळी अभ्यासिका. नापासांची किंवा कमी हजेरीची यादी नावानिशी बोर्डावर लावू नका. गुणांवरून चारचौघांत अपमान करू नये, हेही सर्वोच्च न्यायालयाच्या वरच्या निकालात आहे.

आठवड्याला दीडशे मिनिटं मध्यम व्यायाम, ही जागतिक आरोग्य संघटनेची प्रौढांसाठीची किमान शिफारस. जिम बांधायची गरज नाही. वेळापत्रकात दोन दिवस दुपारी पाऊण तास मोकळा ठेवा, तो एसटीवाल्यांनाही मिळतो. मैदानाचं मात्र स्पष्ट वाटप करा. मोकळं सोडलं की टेनिस बॉल क्रिकेट सगळं मैदान खातं आणि मुली कडेला उभ्या राहतात. ठरावीक तास फक्त मुलींचा, आणि त्या वेळी क्रीडा संचालक मैदानावर हजर. नव्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाच्या पदवी आराखड्यात सहअभ्यासक्रमाचे श्रेयांक (क्रेडिट) आहेत, त्यांत आरोग्य, योग, खेळ आणि रासेयो बसतं. या उपक्रमांना त्यातून श्रेयांक जोडून दिले की उपस्थितीसाठी मागे लागावं लागत नाही.

८. पैशाची चिंता हा आरोग्याचाच प्रश्न आहे

फी भरली नाही म्हणून हॉलतिकीट अडलेल्या मुलाला झोप लागत नाही, त्यावर ध्यानधारणा काय करणार? महाडीबीटी या सरकारी शिष्यवृत्ती पोर्टलवरचे अर्ज अनेकदा कॉलेजच्याच लॉगिनमध्ये पडून असतात. दर सोमवारी ती यादी काढा आणि अडलेल्या प्रत्येक अर्जापुढे कारण लिहा: आधार बँक खात्याशी जोडलेलं नाही, उत्पन्नाचा दाखला जुना आहे, कागद धूसर आहे. स्वाधार योजना, डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता, व्यावसायिक अभ्यासक्रमांना शिकणाऱ्या मुलींसाठी जुलै २०२४ पासूनची फीमाफी यांची माहिती प्रवेशाच्या खिडकीवरच द्या. कमवा आणि शिका योजनेतल्या मुलांचे पैसे महिन्याच्या महिन्याला मिळतील हे बघा. ही मुलं त्यावर मेसचं बिल भरतात.

९. शिकवणारे, लिहिणारे, झाडणारे

कर्मचाऱ्यांचं स्वास्थ्य म्हटलं की तणावमुक्तीचं एक व्याख्यान होतं, तेही बहुधा शनिवारी दुपारी, हजेरी सक्तीची. त्याऐवजी आधी कामाचा पसारा आवरा. एकच माहिती तीन विभाग, तीन नमुन्यांत मागतात. ती एकदाच भरायची सोय करा. नॅकच्या वर्षात प्राध्यापकांना कोणती कामं थांबवायची हेही लेखी द्या, नाहीतर जुनं तसंच राहून नवं त्यावर चढतं.

तासिका तत्त्वावरचे प्राध्यापक दोन-तीन महाविद्यालयांत धावपळ करतात, सुट्ट्यांत उत्पन्न शून्य. मानधन वेळेवर देणं हाच त्यांचा सर्वांत मोठा आरोग्य उपक्रम. बिल कोणत्या तारखेला विद्यापीठाकडे किंवा उच्च शिक्षण सहसंचालकांकडे गेलं, हे त्यांना कळू द्या. स्टाफरूममध्ये त्यांनाही कपाट द्या.

मोठ्या वर्गात माइक द्या, कारण शिक्षकांचा घसा हा त्यांचा धंद्याचा आजार आहे. कार्यालयातल्या खुर्च्या बदला. तीस वर्षांवरच्या सर्वांची वर्षातून एकदा रक्तदाब आणि साखर तपासणी करा, वॉचमन आणि माळी यांच्यासह. रक्तदाब १४०/९० किंवा वर आला तर एका मोजणीवर घाबरवू नका, दुसऱ्या दिवशी पुन्हा मोजा आणि मग डॉक्टरांकडे पाठवा.

सफाई आणि सुरक्षा कर्मचारी बहुतेक ठेकेदाराचे असतात, म्हणून ते ‘आपले’ धरले जात नाहीत. ठेकेदाराचं बिल पास करण्याआधी दर महिन्याला पीएफ आणि ईएसआय (कर्मचारी राज्य विमा) यांच्या चलनाची प्रत मागा, त्यात प्रत्येकाचं नाव आहे का पाहा. हातमोजे, बूट, बसायला खुर्ची, डबा खायला जागा. लैंगिक छळाविरुद्धच्या अंतर्गत समितीकडे ठेक्यावरच्या बायकाही तक्रार करू शकतात, हे त्यांना कुणीतरी सोप्या शब्दांत सांगितलेलं असावं. तक्रार करायला तीन महिन्यांची मुदत असते, हेसुद्धा.

१०. वर्षाअखेरीस काय मोजायचं

किती कार्यक्रम झाले हे मोजू नका. पाच प्रश्नांची तीच प्रश्नावली फेब्रुवारीत पुन्हा घ्या, परीक्षेच्या तोंडावर नको, म्हणजे जूनशी तुलना होईल. त्याबरोबर हे आकडे: तीन महिन्यांनी हिमोग्लोबिन वाढलेल्या मुली किती, समुपदेशकाची वेळ मिळायला सरासरी किती दिवस लागले, मेसची डाळ किती वेळा कमी भरली, महाडीबीटीचे किती अर्ज महिन्याहून जास्त अडले, मानधन किती दिवस उशिरा मिळालं. वाईट आकडेही बोर्डावर लावा. पहिल्या वर्षी समुपदेशकाकडे येणाऱ्यांची संख्या वाढलेली दिसेल आणि कुणीतरी बैठकीत विचारेल की ताण वाढला का. बहुधा विश्वास वाढलेला असतो, पण खात्रीसाठी प्रश्नावलीचा आकडा शेजारी ठेवून बघा.

पुढच्या वर्षाची तरतूद मार्चच्या अंदाजपत्रकातच टाका. पहिल्या वर्षी समुपदेशकाचा पगार, स्वच्छतागृहाची दुरुस्ती आणि मेसचा वाढीव दर या तीनच गोष्टींसाठी भांडलात तरी पुरे. टाकी धुण्याची पहिली तारीख जूनच्या पहिल्या आठवड्यातली घ्या, प्रवेशाची गर्दी सुरू झाली की प्लंबरला गच्चीची किल्ली द्यायलाही कुणी जागेवर नसतं.